भाड्याची पुस्तके, बिनमानधनाचे मासिक

एप्रिल १९६५ च्या अंकात तोक्योतल्या 'गारो' या मासिकाने एक छोटे निवेदन छापले. त्सुगे योशिहारू या चित्रकाराने मासिकाशी संपर्क साधावा, एवढीच त्यात विनंती होती. त्सुगे तेव्हा २७ वर्षांचे होते. विशी गाठण्याआधीपासून ते चित्रकथा काढून पोट भरत होते आणि ज्या धंद्यावर ते जगत होते तो धंदाच बुडत चालला होता. 'गारो'च्या मंडळींना त्यांचे काम ठाऊक होते, ठावठिकाणा मात्र ठाऊक नव्हता. निरोप पोचला. पुढच्या काही वर्षांत त्सुगेंनी या मासिकात जे काढले, त्यावर जपानमध्ये आजही लेख आणि पुस्तके लिहिली जातात.

मांगा म्हटले की आपल्याकडच्या मुलांना 'नारुतो', 'वन पीस', 'ड्रॅगन बॉल' आठवतात. ज्या साप्ताहिकातून या मालिका आल्या त्या 'शोनेन जंप'चा खप १९९० च्या दशकाच्या मध्यावर अंकामागे ६५ लाखांच्या वर गेला होता. हे प्रकरण त्या भव्य पेठेच्या मागल्या गल्ल्यांचे आहे. रस्त्यावर चित्रे दाखवणारे सायकलवाले, भाड्याने पुस्तके देणारी दुकाने, चित्रकारांना पैसे देऊ न शकणारे एक मासिक आणि स्वतःच्या खर्चाने वह्या छापणाऱ्या शाळकरी मुली अशी या गल्ल्यांतली माणसे. पेठेत पुढे जे खपले त्यातले पुष्कळसे आधी इथे करून पाहिलेले होते. नवी कला उगवायला प्रतिभा लागतेच, पण तिच्याइतकीच एक स्वस्त जागा लागते, जिथे एखादा प्रयोग फसला तरी कुणाचे दिवाळे निघत नाही. जपानच्या चित्रकथेला अशा जागा एकामागून एक मिळत गेल्या, आणि ही कहाणी त्या जागांची आहे.

सायकलीवरचे रंगमंच

१९३० च्या सुमारास जपान मंदीत सापडला होता. कामधंदा गेलेली माणसे तोक्योच्या रस्त्यांवर एक नवा व्यवसाय करू लागली. सायकलीच्या मागे लाकडी पेटी बांधायची, मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर थांबायचे, लाकडाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर आपटून मुलांना हाक घालायची. मुले जमली की आधी गोळ्या-मिठाई विकायची. जी मुले विकत घेत ती पुढे उभी राहत, बाकीची मागे. मग पेटीचे झाकण उघडले की तिचा रंगमंच होई आणि त्यात एकेक चित्र सरकवत हा माणूस गोष्ट सांगे. हाच 'कामिशिबाई'. खेळ अगदी ऐन मोक्यावर थांबवला जाई, म्हणजे उद्या मुले पुन्हा पैसे घेऊन येत.

ही चित्रे छापील नसत. प्रत्येक संच हाताने रंगवलेला आणि एकच असे. दलाल चित्रकारांकडून संच करून घेत आणि कथेकऱ्यांना रोजच्या भाड्याने देत. आज एका वस्तीत दाखवलेला संच उद्या दुसऱ्या वस्तीत जाई. म्हणजे चित्रकाराला रोज नवे काढावे लागे, आणि ते काढलेले चालते आहे की नाही याचा निकाल दुसऱ्या दिवशी मुलांच्या गर्दीवरून लागे. कवटीचा चेहरा आणि लाल झगा असलेला उडता नायक 'ओगोन बॅट' याच रस्त्यावर १९३० च्या सुमारास जन्मला. अमेरिकेत सुपरमॅन अवतरला तो १९३८ साली.

चित्र दाखवून गोष्ट सांगण्याची रीत जपानमध्ये त्याही आधीची. बौद्ध मंदिरांतले भिक्षू रंगवलेल्या चित्रांच्या पटांवर काठी ठेवून कथा सांगत. अमेरिकी अभ्यासक व्हिक्टर मेअर यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या परंपरेचा माग चीनमार्गे भारतापर्यंत नेला आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी ही याच मोठ्या आशियाई घराण्यातली. कागदावरची चित्रे एकामागून एक समोर धरून रामायण-महाभारतातले प्रसंग गाणारा चित्रकथी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना कामिशिबाईची रचना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

१९५३ साली जपानमध्ये दूरचित्रवाणी सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत रस्त्यावरची गर्दी आटली. कामिशिबाईचे चित्रकार बेकार झाले. त्यांतले एक मिझुकी शिगेरू. १९२२ साली जन्मलेले मिझुकी सैनिक म्हणून न्यू ब्रिटन बेटावरच्या राबाऊलला गेले आणि बॉम्बहल्ल्यात डावा हात गमावून परतले. उरलेल्या हाताने त्यांनी कामिशिबाईची चित्रे रंगवली आणि तो धंदा बसला तेव्हा ते तोक्योला येऊन दुसऱ्या एका पडत्या धंद्यात शिरले.

भाड्याच्या पुस्तकांचे दशक

हा दुसरा धंदा म्हणजे 'काशिहोन', भाड्याने द्यायची पुस्तके. युद्धानंतरच्या जपानमध्ये पुस्तक विकत घेणे अनेकांना परवडत नव्हते. गल्लोगल्ली छोटी दुकाने निघाली. थोडे येन मोजून पुस्तक घरी न्यायचे आणि वाचून परत करायचे. या दुकानांसाठी वेगळे प्रकाशक होते, वेगळे चित्रकार होते. साधारण सव्वाशे पानांचे जाड पुठ्ठ्याचे पुस्तक एकाच चित्रकाराने झपाट्याने पुरे करायचे आणि त्याचे ठरलेले पैसे एकदाच घ्यायचे. गिऱ्हाइकांत मुले होतीच, पण खेड्यातून शहरात कारखान्यात आलेले तरुण कामगारही होते. दिवसभराच्या पाळीनंतर ज्यांना गोड बालकथांत रस नव्हता, अशा वाचकांनी या पुस्तकांचा चेहरा बदलला.

त्याआधीही स्वस्त छपाईने मोठे काम केले होते. आधुनिक मांगाचे जनक मानले जाणारे तेझुका ओसामू ओसाकाच्या 'आकाहोन'मधून, म्हणजे खेळण्या-मिठाईच्या दुकानांत मिळणाऱ्या भडक लाल मुखपृष्ठांच्या पुस्तकांतून, पुढे आले. १९४७ सालच्या 'शिन ताकाराजिमा'ने एक पिढी भारावून गेली. तात्सुमी योशिहिरो हा ओसाकातला मुलगा त्या पिढीतला. मोठा झाल्यावर मात्र त्याला तेझुकांच्या गोलमटोल, चपळ पात्रांपेक्षा वेगळे काही हवे होते. सावल्या, पावसात भिजलेली गल्ली, गुन्हा करून पळणारा माणूस, बोलणे कमी आणि शांतता जास्त. १९५६ साली ओसाकाच्या एका काशिहोन प्रकाशकाने 'कागे' हा कथासंग्रह काढायला सुरुवात केली आणि तात्सुमी व त्यांच्या मित्रांना हवी ती जागा मिळाली. १९५७ मध्ये तात्सुमींनी आपल्या कामाला 'गेकिगा', म्हणजे नाट्यमय चित्रे, हे नाव दिले. १९५९ मध्ये आठ तरुणांनी मिळून 'गेकिगा कोबो' ही मंडळी स्थापन केली आणि आपला जाहीरनामा प्रकाशकांना, वृत्तपत्रांना, ज्येष्ठ चित्रकारांना पाठवला. आम्ही काढतो ते मुलांसाठी नाही, असे त्यांना जगाला सांगायचे होते.

मंडळी फार दिवस टिकली नाही. पण त्या आठांतले साइतो ताकाओ यांनी १९६८ साली 'बिग कॉमिक' या नव्या, प्रौढांसाठीच्या नियतकालिकात 'गोल्गो १३' ही भाडोत्री मारेकऱ्याची मालिका सुरू केली. जुलै २०२१ मध्ये तिचा २०१ वा खंड निघाला आणि एका मांगा मालिकेच्या सर्वाधिक खंडांचा गिनेस विक्रम तिच्या नावावर लागला. भाड्याच्या पुस्तकांत घासून काढलेली शैली मोठ्या प्रकाशनाच्या सर्वांत दीर्घायुषी मालिकेत पोचली होती. तात्सुमींनी मात्र स्वतःची वाट सोडली नाही. गटारे साफ करणारे, कारखान्यात यंत्राशी जखडलेले, बायकोशी आणि शहराशी बोलणे हरवलेले पुरुष त्यांनी काढले. त्यांचे आठशेहून अधिक पानांचे चित्र-आत्मचरित्र 'गेकिगा ह्योर्यू' २००८ साली पुस्तकरूपाने आले, आणि २०११ मध्ये सिंगापूरचे दिग्दर्शक एरिक खू यांनी त्यांच्यावर काढलेला 'तात्सुमी' हा ॲनिमेशनपट कान महोत्सवात दाखवला गेला.

काशिहोनमधले सर्वांत महत्त्वाकांक्षी काम होते शिरातो सांपेई यांचे 'निंजा बुगेइचो'. वडील ओकामोतो तोकी डाव्या चळवळीतले चित्रकार. मुलाने निंजांच्या साहसकथेतून शेतकऱ्यांचे बंड सांगितले. १९५९ ते १९६२ या काळात ही मालिका खंडाखंडाने निघाली. १९६७ साली दिग्दर्शक ओशिमा नागिसा यांनी तिच्यावर चित्रपट केला तेव्हा नट घेतले नाहीत आणि चित्रे हलतीही केली नाहीत. मूळ रेखाटनांवर कॅमेरा फिरवला आणि त्यावर आवाज व संगीत चढवले. स्थिर चित्र आणि जिवंत आवाज ही रस्त्यावरच्या कथेकऱ्याची जुनी युक्ती अशी थेट चित्रपटगृहात पोचली.

'गारो'

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांच्या हाती थोडा पैसा आला, साप्ताहिके स्वस्त झाली आणि काशिहोन दुकाने बंद पडू लागली. चित्रकारांची ही सगळी फळी उघड्यावर पडत असताना नागाई कात्सुइची या छोट्या प्रकाशकाने १९६४ च्या उन्हाळ्यात 'गारो' काढले. क्षयाने पोखरलेल्या तब्येतीच्या नागाईंनी याआधी शिरातोंचे काम छापले होते. मासिकाचे नावही शिरातोंच्या एका निंजा पात्रावरून घेतलेले. शिरातोंच्या मनात एक प्रचंड कथा होती आणि ती कोणत्याही साप्ताहिकाच्या चौकटीत मावणारी नव्हती. तिला पाने मिळावीत हा या मासिकाचा पहिला हेतू.

ती कथा म्हणजे 'कामुई-देन'. डिसेंबर १९६४ पासून १९७१ पर्यंत ती चालली. एदो काळातला, म्हणजे शोगुनांच्या राजवटीतला, कामुई हा अस्पृश्य ठरवलेल्या 'हिनिन' वस्तीतला मुलगा. त्याच्यासोबत एक शेतकरी तरुण आणि एक सामुराई तरुण. तिघे तीन थरांतून एकाच व्यवस्थेला भिडतात. जमीन कुणाची, मेलेली जनावरे कुणी ओढायची, गावाच्या पाण्याला कुणी हात लावायचा, हे प्रश्न शिरातोंनी शेतीच्या आणि अवजारांच्या बारीक तपशिलांसह मांडले. जपानमध्ये १८७१ च्या फर्मानाने हे जन्मजात भेद कायद्यापुरते संपले होते, पण त्या वस्त्यांतल्या वंशजांना लग्नात आणि नोकरीत ते पुढेही सोसावे लागले. याच समाजाच्या संघटना पुढे भारतातल्या दलित संघटनांसोबत आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर उभ्या राहिल्या. मराठी वाचकाने 'कामुई-देन' हाती घेतले तर त्याला परक्या देशात आल्यासारखे वाटणार नाही.

विद्यापीठांतल्या आंदोलनांचा तो काळ. 'कामुई-देन' विद्यार्थ्यांनी उचलून धरले आणि भरभराटीच्या दिवसांत 'गारो'चा खप सुमारे ८०,००० वर गेला. त्याच सुमारास 'शोनेन मॅगझिन' या साप्ताहिकाने दहा लाखांचा टप्पा गाठला होता, तेव्हा 'गारो' लहानच होते. पण शिरातोंच्या लोकप्रियतेच्या आडोशाला बाकीच्या पानांवर कुणालाही काहीही करून पाहता येत होते. मिझुकींनी तिथे विनोदी आणि विखारी गोष्टी काढल्या. त्यांचा भुताचा मुलगा कितारो, ज्याचे मूळ युद्धापूर्वीच्या कामिशिबाईत होते, तोवर मोठ्या साप्ताहिकात पोचला आणि १९६८ मध्ये दूरचित्रवाणीवर झळकला. काम वाढले तसे मिझुकींनी मदतनीस घेतले. त्यांतले एक इकेगामी र्योइची, पुढचे नामवंत मांगाकार, आणि दुसरे त्सुगे योशिहारू.

त्सुगे मदतनीस का झाले हे सांगितले पाहिजे. १९६६ साली 'गारो'त आलेल्या त्यांच्या 'नुमा'सारख्या कथा वाचकांना फारशा रुचल्या नाहीत. दलदलीत शिकारीला आलेला माणूस, एक अनोळखी मुलगी, एक रात्र आणि शेवटी न उलगडलेले काहीतरी. निराश होऊन त्सुगे मिझुकींकडे पगारी कामाला लागले. नागाईंनी मात्र दार बंद केले नाही. १९६७ मध्ये डोंगरातल्या आडगावांतून फिरणाऱ्या माणसाच्या कथा आल्या, आणि जून १९६८ मध्ये खास त्सुगेंवर काढलेल्या अंकात 'नेजिशिकी' आली. जेलीफिशने दंडाला चावा घेतलेला मुलगा तुटलेली रक्तवाहिनी हाताने दाबून धरत एका विचित्र कोळीवाड्यात डॉक्टर शोधत फिरतो. आगगाडी आली ती त्याला त्याच गावात परत आणते, एका गल्लीत नुसत्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या पाट्या. एकही गोष्ट समजावून सांगितलेली नाही, आणि तरी भीती खरी आहे. कवी, नाटककार, समीक्षक सगळे या कथेवर बोलू लागले. चित्रकथेची गंभीर समीक्षा करणारे 'मांगा शुगी' हे नियतकालिक १९६७ मध्येच सुरू झाले होते. त्याला आता मोठा विषय मिळाला.

त्सुगेंनी १९८७ नंतर नवे काम केले नाही. नदीकाठचे दगड विकायला बसलेल्या निष्फळ चित्रकाराची त्यांची 'मुनो नो हितो' ही मालिका त्याआधीची. फ्रान्समधल्या अंगुलेम महोत्सवाने २०२० साली त्यांचा गौरव केला आणि २०२२ मध्ये जपानच्या कला अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले.

'कामुई-देन' १९७१ मध्ये थांबले आणि 'गारो'चा खप कोसळला. नागाई चित्रकारांना मानधन देऊ शकेनात. तरीही चित्रे येत राहिली, कारण तसे छापणारे दुसरे कुणी नव्हते. मुद्दाम ओबडधोबड रेषेत काढलेली, 'हेता-उमा' या नावाने ओळखली गेलेली चित्रे इथे बहरली आणि पुढे जाहिरातींत व रेकॉर्डच्या वेष्टनांवर गेली. स्त्रियांनाही इथे वेगळी जागा मिळाली. त्सुरिता कुनिको १९६५ मध्ये, विशीही न गाठलेल्या वयात, 'गारो'त दिसू लागल्या. यामादा मुरासाकी यांनी १९८१ पासून 'शिंकिरारी' ही मालिका काढली. घर, दोन मुली, घरात असून नसलेला नवरा आणि आपण कोण हा प्रश्न भांडी घासताना विचारणारी बाई. पार्श्वभूमी जवळजवळ कोरी, रेषा मोजक्या. तिथे गृहिणीचा एक सुस्कारा पानभर जागा घेतो, आणि ती जागा तिच्या हक्काची वाटते.

१९९६ साली नागाई गेले. मालकी तोवर बदललेली होती. १९९७ मध्ये संपादक बाहेर पडले आणि १९९८ मध्ये त्यांनी 'ॲक्स' हे नवे नियतकालिक काढून ती रीत पुढे चालवली.

प्रेक्षक नसलेली जत्रा

'गारो'ला उत्तर म्हणून तेझुकांनी जानेवारी १९६७ मध्ये 'कॉम' हे मासिक काढले. ते काही वर्षांतच बंद पडले, पण जाताना एक बीज टाकून गेले. 'कॉम'ने देशभरातल्या हौशी चित्रकारांच्या मंडळांना एका जाळ्यात गुंफले होते. ही मंडळे स्वखर्चाने 'दोजिन्शी', म्हणजे आपापल्या छोट्या पुस्तिका काढत. १९७५ साली प्रस्थापित मांगा संमेलनाने टीका करणाऱ्या एका चाहतीला प्रवेश नाकारला, तेव्हा 'मेइक्यू' या समीक्षकांच्या गटाने स्वतःचाच बाजार भरवायचे ठरवले. २१ डिसेंबर १९७५ रोजी तोक्योतल्या एका सभागृहात पहिले 'कॉमिक मार्केट' भरले. ३२ मंडळे, सुमारे ७०० माणसे. आलेल्यांत बहुसंख्य शाळकरी मुली होत्या, हागिओ मोतो यांच्यासारख्या लेखिका-चित्रकर्त्यांच्या चाहत्या.

हाच आजचा 'कॉमिकेट'. तो वर्षातून दोनदा, ऑगस्ट आणि डिसेंबरात भरतो. २०१९ च्या उन्हाळ्यात चार दिवसांत तिथे सात लाखांहून अधिक हजेऱ्या लागल्या. इतका वाढूनही त्याने एक तत्त्व सोडलेले नाही. इथे विक्रेते आणि गिऱ्हाईक असा भेद मानत नाहीत. टेबलामागे बसलेला, रांगेत उभा असलेला आणि रांग सांभाळणारा स्वयंसेवक हे सगळे सहभागीच. १९८० पासून २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत धुरा वाहणारे योनेझावा योशिहिरो यांनी ही भूमिका कसोशीने जपली. अनेक मंडळांचा छपाईखर्चही पुरता निघत नाही, तरी ती पुढच्या खेपेला पुन्हा अर्ज करतात.

इथली बरीच पुस्तके लोकप्रिय मालिकांतली पात्रे घेऊन रचलेली असतात. कायद्याने ती स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतात. पण जपानमध्ये अशा बाबतीत हक्कदाराने तक्रार केल्याशिवाय खटला उभा राहत नाही, आणि बहुतेक प्रकाशक तक्रार करत नाहीत. उद्याचे चित्रकार याच गर्दीत तयार होतात हे त्यांना अनुभवाने कळले आहे. 'क्लॅम्प' हा चित्रकर्त्यांचा विख्यात गट दोजिन्शी मंडळ म्हणूनच सुरू झाला. २०१८ अखेर कायदा बदलून तक्रारीविना खटल्याची मुभा आली, तेव्हाही ती मूळ कृती जशीच्या तशी छापून विकणाऱ्या चाचेगिरीपुरतीच ठेवली गेली.

मोजणीआधीचा काळ

या सगळ्या जागांत तीन गोष्टी समान दिसतात. आत शिरायला पैसा कमी लागत होता. वरून लक्ष ठेवणारे कुणी फारसे नव्हते. आणि चित्रकाराला चुकायला वेळ मिळत होता. याची किंमतही होती, आणि ती चित्रकारांनी मोजली. मिझुकींनी चाळिशीपर्यंत दारिद्र्य काढले. 'गारो'चे नाव झाले, पण त्या नावावर चित्रकारांचे घर चालले नाही. गरिबीमुळे कला फुलते असे म्हणणे या माणसांवर अन्याय करणारे ठरेल. ती फुलली ती पाने मिळाल्यामुळे.

आज आशियात ही स्वस्त जागा फोनच्या पडद्यावर आली आहे. कोरियात चित्रकथा वाचायच्या 'मान्ह्वाबांग' दुकानांची सद्दी ओसरत असताना 'नेव्हर' या कंपनीने २००४ साली वेबटून सेवा सुरू केली. हौशी चित्रकारांसाठी तिथे खुला विभाग आहे आणि वाचकांच्या पसंतीने त्यांतले काही पगारी चित्रकार होतात. कागद, छपाई, दुकान कशाचाच खर्च नाही. शिरकाव इतका सोपा पूर्वी कधीच नव्हता. पण इथे पहिल्या दिवसापासून प्रत्येक नजर मोजली जाते आणि आकडा कमी पडला की कथा खाली ढकलली जाते. कामिशिबाईवालाही गर्दी मोजत होता, त्यामुळे मोजणी नवी नाही. नवी आहे ती तिची सर्वत्रता, जिच्या बाहेर उभे राहायला जागाच उरत नाही. न रुचलेल्या कथांनंतर आणखी एक अंक देणारा माणूस आकड्यांच्या यंत्रात बसवता येत नाही.

म्हणून संपादकाचे काम आजही संपलेले नाही, आणि वाचकाचेही. कामुईला, शिंकिरारीतल्या बाईला, नदीकाठच्या दगडविक्याला कुणीतरी आधी न कळताही वाचले, महिन्याला थोडे पैसे देत राहिले, आणि त्यावर पुढचा अंक निघाला. आपल्या आसपास कुणी छोटे नियतकालिक चालवत असेल, कुणी चित्रकथेची पुस्तिका स्वतः छापून विकत असेल, तर तिची एक प्रत विकत घ्यावी. आवडली नाही तरी पुढचीही घ्यावी. जपानच्या चित्रकथेचा हा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास अशाच दुसऱ्या प्रतींवर उभा आहे.